गाळलेली ओळ

सोळा धुराड्यांचं आमचं गाव,
फेरो बेटांच्या अगदी टोकाला.
पाळक येत ते समुद्र येऊ देईल तेव्हा,
वर्षातून सहा रविवार, फार तर सात.
बाकीचे रविवार माझे,
म्हणजे पुस्तकाचे.

नियम त्यांनीच घालून दिले,
कोटातून पाणी निथळत असताना:
व्यासपीठावर चढायचं नाही, हानुस, खालीच उभं राहायचं.
छापलंय तेवढं वाचायचं. पदरचं काही घालायचं नाही.
आशीर्वादाला हात उचलायचे नाहीत.
भाकर आणि प्याला, त्यांना तर शिवायचंही नाही.
मी मान हलवली.
माझे हात तसेही लोकरीच्या तेलाचे, माशांच्या आतड्यांचे,
उचलून दाखवावेत असे नव्हतेच.

बावीस वर्षं वाचलं.
लोक डुलक्या घेत. घेऊ देत.
डुलकीतही माणूस देवाच्याच घरात असतो
(हे माझं, पुस्तकातलं नव्हे).

पण शनिवारी?
शनिवारी धक्क्यावर सगळे माझ्या तोंडाकडे बघत.
कड्यावर ढग कसा बसलाय,
पक्षी किती खाली उतरलेत,
प्रवाह कधी वळणार,
हे वाचायचा अधिकार मला कुणी दिला होता?
कुणीच नाही. बापाकडून आला, नाकासारखा.
सुन्वाच्या नवऱ्याने विचारलं, "जाऊ?"
मी म्हटलं, "जा. दुपारपर्यंत वारा धरून राहील."
हे कुठेही छापलेलं नव्हतं.
पदरचं होतं.

होडी मिळाली. तीन वल्ही मिळाली.
आर्न्फिन आणि त्याचा मेहुणा
नाही मिळाले.

कुठल्या रविवारी कुठला धडा, हे आधीच ठरलेलं.
छापणाऱ्याला काय ठाऊक आमच्याकडे कोण बुडालं.
खुणेची दोरी उचलून पान उघडलं:
शिष्य होडीत, लाटा आत येतायत,
आणि तो उशाला डोकं टेकून झोपलेला.
मग उठला, वाऱ्याला दटावलं,
सगळं निवांत.
त्याखाली उपदेश. साडेअकरा पानं.
सुन्वा बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर,
ओली शाल तशीच अंगावर.

सातव्या पानावर ती ओळ आली:
ज्याचा विश्वास खरा, त्याची होडी बुडत नाही.
डोळ्यांनी वाचली.
तोंडाने नाही.
छपरावरच्या गवतात वारा शिरत होता, तेवढाच आवाज.
वाटलं, मिटावं हे पुस्तक
आणि सांगावं: जा म्हणणारा मी होतो.
तोंड उघडलंसुद्धा.

सुन्वा बोलली. चर्चमध्ये बाई बोलायची नाही त्या काळात.
"पुढचं वाच, हानुस.
तुझं घरी येऊन सांग, दाराला कडी नसेल.
इथे आम्हाला तुझं नको."

वाचलं. आठवं पान, नववं,
पार आमेनपर्यंत.
चष्म्यातून काही दिसत नव्हतं, पण बावीस वर्षांत
बरंच पाठ झालेलं असतं.

संध्याकाळी गेलो. कडी नव्हती.
काय बोललो ते इथे घालत नाही,
तोही नियमच समजा.

पाळक आले नवव्या आठवड्यात,
उलट्या करकरून पिवळे पडलेले.
नेहमीचा प्रश्न: "पदरचं काही घातलंस?"
"नाही. एक ओळ गाळली."
पुस्तक मागितलं. उभ्या उभ्या वाचली ती ओळ,
पुन्हा वाचली,
मग खिशातून पेन्सिल काढून खोडली.
खोडण्याचा अधिकार त्यांना तरी होता का,
मी विचारलं नाही. त्यांनीही नाही.

प्रभुभोजनाला सुन्वा पुढे आली, गुडघे टेकले.
पाळकांचा हात थरथरत होता, समुद्र अजून उतरला नव्हता त्यांच्यातून,
प्याला कलत होता.
मी खालूनच त्यांच्या कोपराला आधार दिला.
प्याल्याला शिवलो नाही.